परत द्यायचा कोंबडा

मी कोंबडा बोलतोय, आणि देवाशप्पथ, आता सांगतो ते अक्षर न् अक्षर खरं हाय. पण पवित्र शास्त्रात शपथ घेऊ नका असं सांगितलंय, तवा शपथ मागं घेतो. आणि सुरुवातीला मी अंड्यात होतो, तेवढा भाग ऐकीव हाय. बाकीचं खरं. बरंचसं.

माझा जन्म देवळात झाला. उपदेश चालू असताना.

सोलापुरात यंत्रमागाच्या एका शेडमागं आमची लुथरन ख्रिस्ती मंडळी भरती. मंडळी म्हंजे मूठभर माणसं. अर्धी विणकामाला आलेली तेलुगू घरं, अर्धी अक्कलकोटकडची मराठी. तेलुगू डावीकडं बसायची, मराठी उजवीकडं. मधी एक पंखा, तो कुणालाच वारा द्यायचा न्हाय. कापणीच्या सणाला घरचं काहीबाही देवापुढं आणायचं, भक्ती, म्हंजे उपासना, संपली की त्याचा लिलाव करायचा, आणि त्यातनं देवळाची डागडुजी, अशी हितली रीत. रिक्षावाला धनाजी मैंदर्गीला आईकडनं टोपलीभर अंडी आणायला गेला आणि घाईत खुडूक कोंबडीखालची टोपली उचलून आला.

आमचे पाळक, म्हंजे धर्मगुरू, अमृतसाहेब. एक गोष्ट आधी मराठीत सांगतात, मग तीच तेलुगूत. तेवढ्या वेळात दगडालाबी पाय फुटतील, मी तर अंडं होतो. वांग्याच्या ढिगाशेजारी टक् टक् झालं आणि मी मान बाहेर काढली.

अमृतसाहेब थांबले. एवढ्या वर्सांत त्यांना थांबवणारा मी पयला.

डावीकडनं गंगम्मा मावशी ताडकन उठली. विड्या वळणारी बाई, आवाज यंत्रमागाच्या वर चढणारा. "अय्यो! मंडळी वाढली की!"

त्या वर्सात वाढलेला मी एकटाच होतो, तवा कुणाला नाकारता आलं न्हाय.

लिलावात गंगम्मानंच मला घेतलं. बल्बाच्या उबेला ठेवलं, कण्या चारल्या. पण पुढच्या महिन्यात पयल्या रविवारी मला घेऊन हजर. "देवाला दिलेलं पिल्लू घरात कसं ठिऊ? परत बोली लावा." मग विजयमालाबाईनं घेतलं. तीबी महिन्यानं परत घेऊन आली. तिला वाटलं, आपुन न्हाय दिलं तर लोक म्हणतील, हिची भक्ती गंगम्मापेक्षा कमी. झालं, नियमच पडला. बोली जिंकंल त्यानं महिनाभर मला सांभाळायचं आणि पयल्या रविवारी स्वतः येऊन परत द्यायचं. दुसऱ्याच्या हातनं पाठवायचं न्हाय.

आता माणसाची एक खोड सांगतो. देवळात न यायला त्याच्याकडं शंभर कारणं असतात. पाहुणे आले, डोकं दुखतंय, आज नळाला पाण्याचा वार हाय. पण घरात दुसऱ्याचा कोंबडा असला की त्याला चैन पडत न्हाय. मी रोज पहाटं चारला आठवण करून देतो.

विजयमालाबाईचा नवरा येडू तिला दारात सोडून टपरीवर जायचा. बोली तिनं लावली, पण एका खेपेला परत द्यायच्या दिवशी तिच्या दोन्ही हातांत जेवणाचे डबे. मला घेऊन येडूला आत यावं लागलं. आत आला, मला सोडायला जागा बघितली, मी त्याच्या मांडीवरच बसलो. उठणार कसा? तवापास्नं तो पुढच्या रांगेत बसतो.

मी मराठी घरात असलो की गंगम्मा दर दोन दिसांनी तितं धडकायची. "दाणे घालताय का नुसतं आमेन?" मग चहा व्हायचा. मग त्यांची लेकरं हिकडं, ह्यांची तिकडं. शेजारपाजारचे कोंबडा बघायला आले ते गाणी ऐकत बसले. डावं-उजवं कधी मिसळलं, मलाबी कळलं न्हाय. देवळावरचे नवे पत्रे माझ्या बोलीतनं आलेत. नवा पंखाबी. मला स्वतःला पंख असून मी दुसऱ्यांना पंखा दिला, याची कुणी दखल घेतली न्हाय, ते सोडा.

आणि मग बातमी आली. साऱ्या मंडळ्यांचे अध्यक्षसाहेब येणार! मुख्य कचेरीचं म्हणणं, एवढ्याशा मंडळीला वेगळा पाळक परवडत न्हाय. अमृतसाहेबांना दुसरीकडं न्यायचं, देवळाला कुलूप घालायचं, लोकांनी लांबच्या मोठ्या मंडळीत जायचं. साहेब एक रविवार बघणार आणि ठरवणार.

त्या महिन्यात मी पुन्हा गंगम्माकडं होतो. आदल्या दिवशी अमृतसाहेब घामाघूम होऊन आले.

"मावशी, साहेबांना जेवायला काय करायचं?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं. पाळकानं बघू नये तसं बघितलं.

"आमटी, कडक भाकरी, शेंगाची चटणी."

"एवढ्या मोठ्या माणसाला आमटी? देऊळ वाचवायचंय, मावशी!"

गंगम्मानं सुरी उचलली. माझ्याकडं आली. मी डोळे मिटले आणि दोन्ही भाषांत प्रार्थना केली. तिनं माझ्या मागं ठेवलेले कांदे उचलले.

"अय्यगारू," ती पाळकांना म्हणली, "याला कापल्यावर पुढच्या महिन्यात लोक काय परत द्यायला येतील? हाडं?"

महिन्याच्या त्या पयल्या रविवारी देऊळ गच्च! येडूनं तर भाड्यानं खुर्च्या आणल्या होत्या. अध्यक्षसाहेब पांढऱ्या गाडीतनं उतरले, भक्ती झाल्यावर एकेकाला विचारू लागले.

"तुम्ही या मंडळीत कसे आलात?"

येडू म्हणला, "कोंबडा परत द्यायला."

"आणि तुम्ही, बाई?"

"कोंबडा परत द्यायला की."

"तुम्ही?"

"आमच्याकडं अजून आला न्हाय, साहेब. नंबर लावून बसलोय."

अमृतसाहेबांनी तोंड झाकून घेतलं. अध्यक्षसाहेबांनी चष्मा पुसला. "बरं," ते म्हणले. "विचार करून कळवतो."

हे वाक्य म्हंजे कुलपाचा अर्धा फेरा, हे अंड्यातल्यालाबी कळतं. सगळ्यांची तोंडं उतरली. धनाजी मात्र मला डोक्यावर धरून उभा राहिला. "साहेब, जायच्या आधी लिलाव! पयली बोली पाहुण्याची!"

साहेब कौतुकानं हसले. "अकरा रुपये."

अशा वेळी बाकीचे बोली चढवतात आणि पाहुणा सुटतो. विजयमालाबाईनं तोंड उघडलं. गंगम्मानं तिच्याकडं बघितलं. विजयमालाबाईनं मिटलं. गंगम्मानं साऱ्या मंडळीवरनं नजर फिरवली. 

"अकरा एक वार!" धनाजी ओरडला. "अकरा दोन वार! अकरा तीन वार! कोंबडा साहेबांचा!"

टाळ्या काय, शिट्ट्या काय! येडूनं खुर्चीवर चढून फोटो काढला, साहेबांना मंडळीच्या ग्रुपवर घेतलं आणि खाली लिवलं, 'पुढच्या पयल्या रविवारी परत.'

"पण मी पुण्याला राहतो," साहेब म्हणले.

"मग पहाटं निघा," गंगम्मा म्हणली. "उठवायला हा हायच."

आता आमी पुण्याच्या वाटेवर मोडनिंबला चहाला थांबलोय. मी मागच्या सीटवर, पायाला दोरी. मघाशी ड्रायव्हर हळूच म्हणला, "साहेब, रस्सा लई झ्याक होईल. देऊळ तर बंदच करायचंय. कोण विचारतंय?"

माझा तुरा थंड पडला. साहेबांनी कपात बघितलं, ग्रुपवर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"बंद कसं करतोस?" ते म्हणले. "कुलूप लावलं तर हा परत द्यायचा कुणाला?"

मी तितल्या तितं बांग दिली. दुपारचे तीन वाजलेत, पण राहवलं न्हाय.

तर ही माझी गोष्ट. अहो, कुटं निघालात? गाडीशेजारच्या टेबलावर बसून सगळी फुकट ऐकलीत व्हय? काच खाली हाय. मूठभर ज्वारी टाका. ज्वारी नसंल तर ती प्लेटीतली भजी चालतील. पण मिरचीची न्हाय, कांद्याची.