परक्या रानात लावलेली वाघर

केजहून पुढे कच्च्या रस्त्याने गेले असता जे काळ्या मातीचे शिवार लागते, त्या शिवारात शहादेव हा मनुष्य रामेश्वरआण्णांकडे सालगडी म्हणून राबत होता. आमच्या भागात सालगड्याचे वर्ष गुढीपाडव्यास सुरू होते व पाडव्यासच संपते. त्या दिवशी मालकाने पुन्हा ठेवून घेतले, तर उत्तम. नाही घेतले, तर गड्याने दुसरे दार शोधावे. शहादेवाला आण्णांनी इतकी वर्षे ठेवून घेतले होते की, ते तसेच चालत राहणार, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका उरली नव्हती. मनुष्याची चूक बहुधा अशा निश्चिंतपणाच्या पोटीच जन्म घेते.

पाडवा तोंडावर आला होता. हरभरा निघून रान मोकळे झाले होते आणि आण्णांनी खालच्या पट्टीत मेंढरे बसविण्याचे योजिले होते. मेंढरे रात्रभर रानात बसली म्हणजे त्यांच्या लेंडीमुताने जमिनीस जो कस येतो, तो पोत्यातल्या खताने येत नाही, हे सर्वांस विदित आहे. गहिनीनाथ नावाच्या मेंढपाळाशी बोलणे झाले, मोबदल्याची ज्वारी ठरली, आणि "रान आमचा शहादेव दाखवील" असे सांगून आण्णा केजला एका बैठकीस निघून गेले.

दिवस मावळतीला शहादेव कळपाच्या पुढे छाती काढून चालला. पट्टीशी येताच गहिनीनाथाने इकडेतिकडे पाहिले.

"दादा, हितं बांध कुठं दिसंना."

"बांध पाइपलाइनवाल्याच्या जेसीबीनं खाल्ला. पर ह्या रानात मी डोळे झाकून फिरतो. ती म्होरची बाभळ दिसती का? तिच्या अलीकडं समदं आण्णाचं."

परंतु जेसीबीने बांधासोबत आण्णांची बाभळही उपटून नेली होती. पुढे दिसत होती ती सत्यभामाबाईंची. गहिनीनाथाने त्या बाभळीला खेटूनच खुंट्या ठोकल्या, सुती जाळ्याचे कुंपण, ज्यास मेंढपाळ वाघर म्हणतात, ते ताणले आणि मेंढरे आत घातली. शहादेव समाधानाने घरी जाऊन जेवला व निजला.

आता सत्यभामाबाई कोण, हे सांगणे प्राप्त आहे. त्या नात्याने आण्णांच्या भावकीतल्या वहिनी. परंतु गेल्या निवडणुकीत आण्णांचे पॅनल पाडून त्या गावच्या सरपंच झाल्या, आणि तेव्हापासून उभयतांमध्ये बोलणे तर राहोच, परंतु एकमेकांच्या दारावरून जाणेही बंद होते.

सकाळी शहादेव आण्णांच्या घरून भाकरीचे गाठोडे घेऊन रानात आला. ज्याच्या रानात मेंढरे बसतात, त्याच्या घरची भाकरी मेंढपाळास जाते, असा रिवाज आहे. पाहतो तो सत्यभामाबाई आधीच तेथे उभ्या, आणि त्यांच्याही हातात भाकरीचे गाठोडे. गहिनीनाथ एका भाकरीवर मिरचीचा ठेचा घालून खात होता.

"शहादेवा, आण्णाची मेंढरं माझ्या रानात कावून रं?" बाई म्हणाल्या. "दारात कळप बसलाय म्हनून भाकर घेऊन आले. आता आण्णाची बी भाकर आली. ह्या मेंढक्याचं नशीब लई जोरात दिसतंय."

शहादेवाने बाभळीकडे नीट पाहिले आणि ती आण्णांची नव्हे, हे त्यास आता कळले. एवढ्यात आण्णांची मोटारसायकल आली. इस्त्रीचा पांढरा सदरा, कपाळी गंध, आणि चेहऱ्यावर आषाढातील ढगासारखा काळोख.

"शाद्या! जवारी माझी, भाकर माझी, आन लेंडी तिच्या रानात? तू गडी कुनाचा बे? माझा का तिचा?"

"आण्णा, बाभळ..."

"बाभळीला लटकावू का तुला?"

त्याच समयी सटवा नामक एक गृहस्थ सायकलीवरून चालला होता. त्याने एक पाय जमिनीवर टेकविला. "आण्णा, पुढल्या निवडनुकीचा प्रचार आत्तापासनं का? आन त्यो बी बाईचा?"

बाईंनी पदर तोंडाला लावला. तो हसणे लपविण्यासाठी होता, हे आंधळ्यालाही कळले असते. आण्णांचे कान तांबडे झाले.

"पाडव्याला दुसरा गडी बघतो," ते शहादेवास म्हणाले. "तू मोकळा." मोटारसायकल धूळ उडवीत निघून गेली.

शहादेवाने गहिनीनाथाचे हात धरले. "दादा, दोन रोज थांब. ह्या शेजारच्या पट्टीत बसव."

"थांबलो असतो रं. पर तुमच्या आण्णाच्या बोरची मोटर जळलीय. मेंढरं काय माती पितील? आन म्होरं धर्मापुरीच्या मानसाला शब्द दिलाय."

तो खुंट्या उपटू लागला.  तेव्हा शहादेवाने जे केले, ते सांगताना हसू येते, परंतु त्यामागील हेतू निर्मळ होता. त्याने आपल्या गाठोड्यातील भाकरी गहिनीनाथापुढे ठेवून रिकामे फडके पसरले आणि खाली बसून लेंड्या वेचावयास सुरुवात केली. एक फडके भरले की, ते पलीकडे आण्णांच्या रानात नेऊन ओतावे, असा त्याचा संकल्प होता.

सत्यभामाबाई कमरेवर हात ठेवून पाहत राहिल्या. "काय, माळ ओवायची का लेंड्यांची?"

"जेवढी व्हतील तेवढी नेतो, काकू."

"आन मूत कशात नेतोस?"

शहादेव थांबला. हा विचार त्याने केलाच नव्हता. तो उठून उभा राहिला, हात धोतराला पुसले आणि म्हणाला, "काकू, चूक माझी हाय. आण्णाची न्हाई, ह्या दादाची न्हाई. डोळे झाकून फिरतो म्हनालो, आन खरंच डोळे झाकले. साल गेलं तर गेलं. पर मालकाचं रान माझ्यापायी उपाशी राहतंय, हे लई लागतंय बघा."

बाईंचे हसणे मावळले. 

"मला बी फुकटचं नगं," त्या म्हणाल्या. "उद्या गाव म्हनंल, सरपंचीन आण्णाच्या लेंडीवर पिकली. माझ्या हिरीत पानी हाय. मेंढरांना पाज, कडब्याचं भुसकट बी घाल. पर आण्णानं स्वतः येऊन मागावं. निरोप चालायचा न्हाई."

पाण्याचे नाव ऐकताच गहिनीनाथाने खुंटी खाली ठेवून मोबाइल काढला आणि धर्मापुरीच्या माणसास मोठमोठ्याने दोन दिवस उशीर सांगितला. राहता राहिले आण्णा. वाघाच्या गुहेत जाणे सोपे, परंतु रागावलेल्या मालकाच्या ओसरीवर चढणे कठीण. शहादेव चढला.

आण्णा बशीतून चहा पीत होते. "परत आला का बे?"

"सालाचं बोलायला न्हाई आलो, आण्णा. मेंढरं तहानलीत. काकूच्या हिरीवर पानी हाय. तुमी येऊन मागा म्हनत्यात. मग गहिनीदादा आपल्या पट्टीत दोन रोज बसवतो."

बशी हिंदकळली. "मी? त्या बाईकडं पानी मागू?"

"पानी तुमाला न्हाई, मेंढराला मागायचंय."

आण्णा उत्तर देणार, तोच आतून त्यांच्या पत्नी वनमालाबाई यांचा आवाज आला. "जावा की! मतं मागायला लोकाच्या गोठ्यात शिरला व्हता, तवा न्हाई लाज वाटली. सख्ख्या भावकीत कसली लाज?"

आण्णांनी चहा संपविला. बराच वेळ मिशीवरून हात फिरविला. मग शहादेवाला मागे बसवून त्यांनी मोटारसायकल काढली.

जेथे पूर्वी बांध होता, त्या जागेच्या अलीकडे आण्णा उभे राहिले, पलीकडे बाई. मध्ये शहादेव. आण्णांनी आकाशाकडे पाहत म्हटले, "शाद्या, विचार, पानी देता का म्हनून."

"काकू, आण्णा विचारत्यात..."

"ऐकलं मी. बहिरी न्हाई. त्यास्नी सांग, नीट तोंडानं मागा."

"आण्णा, काकू म्हनत्यात..."

"ऐकलं बे! सांग त्यांना, मागतोयच की!"

"सांग, असं आभाळाकडं बघून पानी मागितलं, तर पाऊसच मागितल्यावानी वाटतंय."

गहिनीनाथ खो-खो हसला. मेंढरे बें-बें करू लागली. शहादेवाची मान इकडून तिकडे वळून दुखू लागली. अखेरीस आण्णांनी नजर खाली आणली, बाईंकडे पाहिले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "वहिनी, मेंढरं तहानली हायेत. पानी द्या."

"घ्या की, भाऊजी," बाई तत्काळ म्हणाल्या. "एवढं म्हनायला निवडनुकीपासनं इतकं दिस लागलं!"

मेंढरे विहिरीच्या हौदावर तुटून पडली. पुढे वाघर लावण्याची वेळ आली, तेव्हा गहिनीनाथाने शहादेवाकडे पाहिले, आणि शहादेवाने तत्काळ दोन्ही हात जोडले. "मला नगं विचारू, दादा."

तेव्हा बाईंनी सीमा दाखविली व आण्णा स्वतः त्या ठिकाणी, पांढऱ्या सदऱ्यानिशी, खांबासारखे उभे राहिले. गहिनीनाथाने त्यांच्या पायांच्या अलीकडून एकेक खुंटी ठोकली. ऊन कलले, सदऱ्यास लोकर चिकटली, एका कोकराने त्यांच्या धोतराचा सोगा चघळला, तरी आण्णा हलले नाहीत. रस्त्याने पुन्हा सटवा आला, त्याने हे दृश्य पाहिले, तोंड उघडले, आणि आण्णांचा डोळा पाहून काही न बोलता पुढे निघून गेला.

शेवटची खुंटी बसल्यावर आण्णांनी पाय झटकले आणि रानाकडे पाहत म्हटले, "शाद्या, मिरगाचा पाऊस पडला की ह्या पट्टीत तूर घालायची. पेरायची पाभर दुरुस्त करून ठेव."

मृग पाडव्याच्या कितीतरी नंतर येतो. हे शहादेवाच्या ध्यानी यावयास थोडा वेळ लागला. आले, तेव्हा तो इतक्या मोठ्याने "व्हय आण्णा!" म्हणाला की नुकतीच बसलेली सगळी मेंढरे पुन्हा उठून उभी राहिली, आणि गहिनीनाथाने त्यास पहिली खरीखुरी शिवी हासडली.