मांजरीच्या बाळंतपणाला पाचजण

जनावरांच्या डॉक्टरणीला महिन्यातून एकच रविवार मोकळा मिळायचा. त्या दिवशी सकाळी ती केस धुऊन नुकती बसली होती, तेवढ्यात ताईचा फोन आला.

"अगं, मांजरीला पहाटे एक पिल्लू झालं आणि नंतर काहीच नाही! पोटात अजून आहेत. तू आत्ताच्या आत्ता ये."

ओल्या केसांनीच तिने बॅग उचलली.

ताईकडे पोचली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. कपाटाच्या खालच्या कप्प्यात, जुन्या चादरीवर मांजर बसली होती, आणि समोर नाटकाला जमावी तशी मंडळी. ताई. मोबाईलवर शूटिंग करणारे भावजी. हातात टॉर्च घेतलेली शेजारीण. खुर्ची टाकून, वहीत वेळा टिपत बसलेले ताईचे सासरे. आणि दाराला टेकून उभी असलेली ताईची लेक, सातव्या महिन्यातली, माहेरी आलेली.

डॉक्टरणीने हातमोजा घालून तपासलं. वाटेत काही अडकलं नव्हतं, रक्तस्राव नव्हता, पोटात पिल्लं हलत होती. मांजर कण्हतही नव्हती. फक्त कान मागे पाडून टॉर्चकडे बघत होती.

"हिला काही झालेलं नाही. तुम्ही इथून निघा, म्हणजे बाकीची पिल्लं होतील."

"असं कसं?" सासरे म्हणाले. "आमच्या लहानपणी गाय सगळ्यांसमोर उभ्या उभ्या व्यायची."

"गायसुद्धा जमलं तर कळपातून बाजूला जाते, काका. घोडी तर माणसं समोर असली की कळा रोखून धरते. ही मांजर आहे, हिला अंधारा कोपरा हवा."

"पण माझ्या गप्पीला काचेतून सगळे बघतात. तिला तर भराभर पिल्लं होतात," शेजारीण म्हणाली.

"तो मासा आहे हो! त्याला कुठे पळायचंय?"

"मी फक्त कोपऱ्यातून शूटिंग घेतो," भावजी म्हणाले. "फ्लॅश बंद."

डॉक्टरणीचा आवाज चढला. "भावजी, बाहेर. सगळे बाहेर!"

दार लागलं, पण लागून राहिलं नाही. दहा मिनिटांनी ताई दूध घेऊन आली. मग सासरे चष्मा विसरला म्हणून आले. शेवटी डॉक्टरणीने खुर्ची दाराबाहेर टाकली आणि स्वतःच ठाण मांडलं. दोन तास तिने कुणाला आत जाऊ दिलं नाही आणि सगळ्यांची टोमणेबाजी ऐकली. दुपारी अलगद दार उघडून पाहिलं, तर आणखी तीन पिल्लं आचळांना लागली होती आणि मांजर शेवटच्या पिल्लाला चाटत होती.

"बघा. कुणाची मदत लागली?"

ताईने डोळे पुसले. भावजी हळहळले, "एवढा प्रसंग, आणि एक फोटो नाही."

तेवढ्यात इतका वेळ गप्प असलेली भाची म्हणाली, "आई, माझ्या वेळी पण तुम्ही सगळे असेच बसणार का?"

सगळे तिच्याकडे वळले.

"मला खोलीत फक्त ते हवेत," ती म्हणाली. 'ते' म्हणजे तिचा नवरा. "महिनाभर सांगायचं म्हणतेय. तुम्ही आत्तापासून पाळ्या लावल्यात. आजोबा वही घेऊन येणार आहेत."

सासऱ्यांनी वही मिटली. ताईचा चेहरा पडला. "अगं, मी तुझी आई आहे."

"म्हणूनच तुला आधी सांगतेय."

ताई रुसून स्वयंपाकघरात गेली. डॉक्टरणीला बहिणीची समजूत घालायला जावंच लागलं. भांडी आपटण्याच्या आवाजात तिने अर्धा तास डोकेफोड केली. शेवटी ताई नाक ओढत म्हणाली, "बरं. नाही येत आत. पण दवाखान्याच्या बाकावर तरी बसू दे की नाही?"

"बस ना. पण दर पाच मिनिटांनी दार वाजवू नकोस."

"दर दहा मिनिटांनी?"

डॉक्टरणीने बॅग उचलली आणि चपला शोधायला लागली. तिचा रविवार संपला होता.