सात नंबरची चावी

"चावी दे इकडे," मास्तर खड्ड्यात वाकून ओरडले.

लिफ्टच्या त्या खड्ड्यात पोरगी गुडघे टेकून स्प्रिंगा तपासत होती. वस्तीतल्या मुलामुलींना लिफ्टचं काम शिकवणाऱ्या या केंद्रात तिने वर्ष काढलं होतं. आज शेवटची परीक्षा. पास झाली तर सोमवारपासून नोकरी, नाहीतर पुन्हा आईबरोबर लोकांची भांडी.

"कशाला, मास्तर?"

"वीज चालू करून बघायचीय. येशील की तू तेवढ्यात वर."

खड्ड्यात उतरणाऱ्याने मुख्य स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप घालायचं आणि चावी स्वतःच्याच खिशात ठेवायची, हा नियम मास्तरांनीच शिकवलेला. आणि एकोणीस वर्षांपूर्वी मोडलाही त्यांनीच. जेवणाची घाई होती. त्यांनी हजेरीतल्या सात नंबरच्या पोराकडे चावी मागितली आणि त्याने "घ्या की मास्तर" म्हणत हसत दिली. मास्तरांना नाही कोण म्हणणार? वर आल्यावर त्याला आठवलं, पान्हा खालीच राहिला. तो परत उतरला. मास्तरांनी वळूनही न बघता कुलूप काढलं, वीज आली आणि लिफ्ट खाली गेली.

ती चावी अजून त्यांच्या खिशात होती. शर्ट बदलत, चावी तीच.

आज परीक्षेत सकाळपासून तिघांनी अशीच निमूट चावी काढून दिली होती. हाताने तरबेज पोरं, पण मास्तरांनी तिघांनाही नापास केलं आणि कारण सांगितलं नाही. केंद्राच्या साहेबांनी तर विचारलंच, "मास्तर, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"ऐकू येत नाही का? चावी!" मास्तरांनी आवाज चढवला. आणि मनात म्हणत राहिले, देऊ नकोस गं बाई, देऊ नकोस.

पोरगी उभी राहिली. एक हात खिशावर घट्ट दाबलेला.

"रागावू नका मास्तर. माझं कुलूप मीच काढणार. नापास करायचं तर करा."

मास्तर कठडा धरून खड्ड्याच्या काठावर बसले.

"ये वर. सावकाश ये. पान्हा घेतलास ना?"

ती वर आली आणि तिने स्वतःचं कुलूप स्वतः काढलं. बाहेर थांबलेली पोरं आत आली. काम संपलं की खड्ड्याच्या काठावर हजेरी व्हायची. मास्तर नंबर घेत आणि ज्याचा त्याने 'वर' म्हणायचं.

"सहा?"

"वर."

"सात?"

हा नंबर मास्तरांनी पुन्हा कोणालाच दिला नव्हता. तरी रोज ते तो पुकारत आणि थांबत. पहिल्या आठवड्यात पोरं हसली होती, आता सगळी खाली बघत होती.

"आठ?"

"वर आहे, मास्तर," पोरगी म्हणाली.

मास्तरांनी तिच्या कागदावर सही केली. मग सगळे गेल्यावर एकेक दिवा मालवत ते दारापर्यंत आले. खड्ड्यातला तेवढा त्यांनी नेहमीसारखा चालू ठेवला.