सातवी ‘ब’चा चार्ज

महामारी येवो नाहीतर महापूर, ज्ञानाचा दिवा कधी विझत नाही. लुंबिनी गजभियेच्या घरी तो रोज सकाळी साडेदहाला विझायचा. त्या वेळी वरच्या मजल्यावरचे गुप्ताजी आपला राउटर बंद करून पुन्हा चालू करायचे, आणि हा दिवा गुप्ताजींच्या वाय-फायवर होता.

ही दहा मिनिटं सोडली तर दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये वीस महिने शाळा नियमित भरत होती. पाचवीतून घरी आलेली लुंबिनी आता सातवीत होती. अख्खी सहावी तिने इस्त्रीच्या टेबलावर पार पाडली. या काळात तिची उंची पाच इंच वाढली, पण शाळेत ते कोणाला माहीत नव्हतं. कॅमेऱ्यात ती गळ्यापासून वरच असायची.

जुलैमध्ये सातवी ‘ब’ने मॉनिटर निवडला. क्लास टीचर नीला मॅमनी सांगितलं, ज्याला मत द्यायचं त्याचं नाव चॅटमध्ये टाका. एक्केचाळीस मुलांपैकी सोळा जणांनी लुंबिनीचं नाव टाकलं, अकरा जणांनी आशयचं, आणि उरलेल्यांनी ‘मैम, आवाज़ नहीं आ रही’ असं टाकलं. लुंबिनी मॉनिटर झाली आणि आशय डेप्युटी. ज्याच्या घरचा कुकर माइकमधून ऐकू येतोय त्याला म्यूट करायला सांगायचं, आणि कॅमेरा बंद ठेवून झोपणाऱ्यांची यादी मॅमना पाठवायची, एवढंच काम होतं. लुंबिनीने त्यासाठी रजिस्टर उघडलं. वडिलांवर गेली होती.

ऑक्टोबर संपताना आदेश निघाला. एक नोव्हेंबरपासून सगळ्या इयत्ता निम्म्या हजेरीने उघडणार. सक्ती नाही, यायचं तर आईवडील दोघांच्या सहीचं संमतीपत्र हवं. त्याच संध्याकाळी आशयचा मेसेज आला: ‘स्कूल में जो पहले आएगा वही मॉनिटर. मैं तो मंडे से चार्ज ले रहा हूँ. तू आराम कर यार.’

लुंबिनीने तो मेसेज चार वेळा वाचला. वीस महिन्यांत तिने कशाचा हट्ट धरला नव्हता. आता धरला.

आई, पद्मजा, सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्स होती. कोविड वॉर्डात ड्यूटी करून ती दोनदा स्वतः पेशंट झाली आणि दोनदा परत ड्यूटीवर गेली. संमतीपत्राचा प्रिंट तिनेच आणला आणि चहाला उकळी फुटायच्या आत ओट्यावर सही केली. मग तो कागद वडिलांकडे गेला.

समाधान गजभिये एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. समोर आलेल्या कागदावर त्यांनी तेवीस वर्षांत कधी एकदम सही केली नव्हती, आणि तेवीस वर्षांत ते कोणत्या चौकशीत सापडलेही नव्हते.

“पप्पा, फक्त सही करायचीये.”

“फक्त सही असं काही नसतं, बेटा. हे वाच. ‘आम्ही आमच्या जबाबदारीवर.’ कोणाच्या? आमच्या. म्हणजे शाळा मोकळी.”

“पण पप्पा, मंडेपासून आशय चार्ज घेतोय.”

गजभियेंनी चष्मा काढला. २०१६ साली बहिणीच्या लग्नासाठी भंडाऱ्याला जाताना त्यांनी आपल्या चांगल्या सेक्शनचा चार्ज श्रीरंग नावाच्या सहकाऱ्याकडे पंधरा दिवसांसाठी दिला होता. ते पंधरा दिवस अजून संपले नव्हते.

“लेखी आहे?”

“व्हॉट्सॲपवर आहे.”

“मग हे तातडीचं प्रकरण आहे,” गजभिये म्हणाले, आणि त्यांनी फाइल उघडली.

ही बोलायची रीत नव्हे. त्यांनी कपाटातून खरंच एक फाइल काढली, तिला टॅग लावला, वर ‘तात्काळ’ची लाल चिठ्ठी अडकवली. संमतीपत्राला फ्लॅग ‘अ’, आशयच्या मेसेजच्या प्रिंटला फ्लॅग ‘ब’. मग हिरव्या नोटशीटवर पहिला परिच्छेद लिहिला: ‘उपरोक्त विषयाबाबतचा कागद अवलोकनार्थ सादर.’ ऑफिसात ते इंग्रजीत आणि हिंदी पंधरवड्यात हिंदीत लिहीत. मराठीत नोट लिहायची त्यांची ही पहिलीच वेळ. अक्षर सुरेख आलं.

सोमवारी शाळा उघडली. आशय गेला. घरी संबंधितांचे अभिप्राय मागवायला सुरुवात झाली.

पहिला अभिप्राय आजीचा. मीराबाई तांदूळ निवडत होत्या.

“काहून रे, पोरीला शाळेत पाठवायला एवढे कागद? तू जात नव्हतास तर तुझ्या बापानं कान धरून नेलं होतं तुला.”

गजभियेंनी लिहिलं: ‘ज्येष्ठ सदस्यांची हरकत नाही. पूर्वीचा दाखला उपलब्ध.’

मग पद्मजा. ती नुकतीच ड्यूटीवरून येऊन, आंघोळ करून बसली होती.

“अहो, मी रोज वॉर्डातून या घरात येते. ती शाळेतून आणून आणून नवीन काय आणणार?”

‘आरोग्य विभागाचा अभिप्राय अनुकूल,’ गजभियेंनी लिहिलं. ‘तथापि...’

“ते तथापि आधी काढा.”

“तथापिशिवाय नोट पुढे जात नाही, पद्मजा.”

“पुढे म्हणजे कुठे? या खोलीतून त्या खोलीत?”

प्रश्न अडचणीचा होता. नोट वरिष्ठांकडे जावी लागते आणि घरात वरिष्ठ नव्हते. मीराबाई वयाने होत्या, पण त्यांनी सहीचे अधिकार नोकरीतून निवृत्त झाल्या त्या दिवशीच सोडले होते. मध्ये दिवाळी आली. सुट्टीचे दिवस मुदतीत धरत नाहीत. इकडे आशय रोज अहवाल पाठवत होता. ‘आज मैम ने चॉक मुझसे मँगवाया.’ ‘आज बोर्ड मैंने साफ़ किया.’ लुंबिनी प्रत्येकाची तारीखवार नोंद रजिस्टरात करत होती.

सात तारखेला, रविवारी, गजभियेंनी तोडगा काढला. सेक्शन ऑफिसर या नात्याने त्यांनी फाइल सादर केली आणि टीव्हीच्या टेबलावर ठेवली. सोमवारी ऑफिसातून आल्यावर कुटुंबप्रमुख या नात्याने ती उघडली, चहा पीत शांतपणे वाचली, आणि शेरा मारला: ‘कृपया चर्चा करावी.’

ती चर्चा त्याच संध्याकाळी गच्चीवर झाली. समोरचे जुने क्वार्टर पाडायला घेतले होते, त्यामुळे हवेत सिमेंट होतं. त्या सिमेंटमध्ये गजभिये पाठीमागे हात बांधून चाळीस मिनिटं येरझाऱ्या घालत होते. मध्येच थांबून मान हलवत होते.

“मम्मी, पप्पा वर काय करतायत?” जिन्यातून बघून आलेल्या लुंबिनीने विचारलं.

“मीटिंग.”

“अजून कोणी आहे का तिथे?”

“कोरम पूर्ण आहे,” पद्मजा म्हणाली आणि पोळी उलटली.

चर्चेत तीन मुद्दे निघाले. ते पुन्हा नोटवर आले, पुन्हा फाइल टेबलावर गेली. शुक्रवारी, बारा तारखेला, पान चौदावर, गजभियेंनी ‘मान्य’ लिहून सही केली, मग संमतीपत्रावरही केली. अटी: मास्क दोन, पाण्याची बाटली स्वतःची, आणि ही संमती पुढील आदेशापर्यंत.

लुंबिनी ओरडली नाही. तिने सहीच्या खालची तारीख तपासली आणि आशयला एकच ओळ पाठवली: ‘मंडे को आ रही हूँ. चार्ज तैयार रखना.’

शनिवारी लक्षात आलं की बूट दोन नंबरने लहान झालेत. संध्याकाळी बापलेक मार्केटला गेले. वीस मुलांच्या वर्गात मुलीला पाठवावं की नाही यावर बारा दिवस विचार केलेले गजभिये त्या शनिवारी, दिवाळीनंतरच्या सेलमध्ये, काही हजार लोकांच्या मधोमध मास्क हनुवटीवर घेऊन बुटांचा भाव करत होते. मास्कमधून दुकानदाराला भाव ऐकू जात नव्हता.

“साढ़े तीन सौ लास्ट, सर.”

तेवढ्यात फोन वाजला. शाळेच्या ग्रुपवरचा मेसेज गजभियेंनी मोठ्याने वाचला. सोमवारपासून शाळा बंद. आठवडाभर. कारण महामारी नव्हतं. कारण दिल्लीची हवा होती.

लुंबिनी एका पायात नवा बूट घालून उभी राहिली. दुसरा पाय चप्पलेत होता.

“ले जाओ बिटिया,” दुकानदार म्हणाला. “कभी तो खुलेगा.”

“पप्पा, पुन्हा उघडली की हीच सही चालेल ना?”

गजभियेंनी प्रामाणिकपणे विचार केला. “ती संमती महामारीपुरती होती. प्रदूषणाचा मुद्दा त्या नोटमध्ये नाहीये, बेटा. पूरक नोट...”

लुंबिनीचे डोळे भरले. तिने मास्क वर ओढला, बूट मात्र काढला नाही.

घरी आल्यावर पद्मजाने सगळं ऐकून घेतलं. “ते संमतीपत्र मी सकाळी ड्यूटीला जातानाच शाळेत देऊन आले,” ती म्हणाली. “गेटवरच्या गार्डकडे.”

“जावक क्रमांक न टाकता?”

“त्यालाही घाई होती, मलाही.”

गजभियेंनी फाइल उघडून रिकामा फ्लॅग ‘अ’ तपासला. तेवीस वर्षांत त्यांच्या फाइलमधून असा कागद गेला नव्हता.

आठवड्याचे दोन आठवडे झाले. एकोणतीस नोव्हेंबरला, सोमवारी, शाळा उघडली. लुंबिनी सात वाजताच तयार होती. दोन मास्क, स्वतःची बाटली, नवे बूट, आणि दप्तरात रजिस्टर.

वर्गात नऊ मुलं होती. आशय शेवटच्या बाकावर बसला होता. नीला मॅम पडद्यावर होत्या त्यापेक्षा बुटक्या निघाल्या.

“तुम कौन? लुंबिनी? अरे, तुम तो मुझसे भी लंबी हो गई!”

लुंबिनीने रजिस्टर काढलं आणि टेबलापाशी गेली. “मैम, वो मॉनिटर का चार्ज...”

“कैसा चार्ज?”

“आशय बोल रहा था, जो पहले आएगा...”

मॅमनी आशयकडे बघितलं. आशय दप्तरात काहीतरी शोधायला लागला.

“वो तो ऑनलाइन के लिए था बेटा, म्यूट-व्यूट करवाने को. यहाँ नौ बच्चे हैं, मॉनिटर किसलिए? चलो, बैठो. एक बेंच छोड़ के.”

लुंबिनी एक बाक सोडून बसली.

संध्याकाळी गजभिये दारातच उभे होते. “चार्ज मिळाला?”

“पदच नाहीये, पप्पा.”

“रद्द झालं?”

“नाही. ऑफलाइनला मंजूरच नव्हतं.”

गजभियेंनी मान डोलावली. हे त्यांना लगेच समजलं. त्यांनी तिच्या आवडीच्या समोशांची पिशवी पुढे केली. लुंबिनीने दोन खाल्ले.

शुक्रवारी प्रदूषणामुळे शाळा पुन्हा बंद झाल्या. वर्ग ऑनलाइन सुरू झाले आणि लुंबिनी पुन्हा मॉनिटर झाली.