तडा कुठे थांबतो

त्याने चारही शोधनिबंधांची पहिली पानं टेबलावर शेजारीशेजारी मांडली आणि विचारलं,

"मॅडम, या चारही तुम्हीच का?"

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेक पान डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन पाहिलं. एक निबंध वाळत्या चिखलावर होता, दुसरा दातांवर, तिसरा पुलांच्या तुळयांवर, चौथा काचेवर. संगणकाने एकाच नावाच्या चार बायका करून ठेवल्या होत्या, आणि चौघींची एकमेकींशी ओळखही नव्हती.

"चारही मीच," बाई म्हणाल्या. "पण विषय एकच आहे. तडा."

तडा कुठून सुरू होतो हे पुष्कळांनी शोधलं होतं. तो कुठे थांबतो आणि का थांबतो, हे बाईंना हवं होतं. त्या एका प्रश्नाच्या मागे लागून त्या ज्या ज्या विभागात गेल्या, तिथे पाहुण्याच राहिल्या. मातीवाल्यांना त्या दातवाल्यांच्या वाटायच्या, दातवाल्यांना पूल बांधणाऱ्यांच्या. संस्थेत त्यांच्या माघारी त्यांना पाहुणीबाई म्हणत. त्यांच्या कानावर ते गेलेलं होतं, पण त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. निदान तसं दिसू तरी दिलं नव्हतं.

त्याचंही एक नाव पडलं होतं. मोजणीदार. कोणाचे किती निबंध छापून आले, ते इतरांनी किती वेळा संदर्भ म्हणून घेतले, हे मोजणं हे त्याचं काम. बढती असो, पुरस्कार असो, कागद त्याच्या हाताखालून जायचा. त्यामुळे लोक त्याच्याशी गोड बोलत आणि चार हात लांब राहत. तो कँटीनमध्ये गेला की शेजारच्या टेबलावरचं बोलणं हळू व्हायचं. मग त्याने जाणंच सोडलं. डबा तो आपल्या खोलीत संगणकाकडे तोंड करून खायचा. बायको गेल्यापासून घरीही फारसं वेगळं नव्हतं. तिथे संगणकाच्या जागी भिंत होती. मुलगा दुसऱ्या शहरात होता, रविवारी दुपारी फोन करायचा, आणि दोघंही हवापाण्याचं बोलून फोन ठेवायचे.

बाईंचं काम त्याच्याकडे आलं ते एका नव्या नियमामुळे. निवृत्तीनंतरही संस्थेने बाईंना जिन्याखालची एक खोली दिली होती. आता अशा खोल्या ज्यांची कामगिरी पुरेशी आहे त्यांनाच राहणार होत्या. कामगिरी म्हणजे आकडा. ज्याचे वीस निबंध प्रत्येकी निदान वीस वेळा संदर्भात आले, त्याचा आकडा वीस. हिशेब सरळ होता, आणि त्या सरळ हिशेबात बाई नापास होत होत्या.

एरवी त्याने तेवढं लिहून कागद पुढे सरकवला असता. का कोण जाणे, या वेळी हात चालेना. दातांवर लिहिणारे जगात ढिगाने आहेत, ते एकमेकांचे संदर्भही ढिगाने घेतात. चिखल सुकताना बघत बसणारी माणसं मात्र बोटांवर मोजण्याइतकी. दोघांना एकाच तराजूत घालणं त्याला पटेना. त्याने मग बाईंचा प्रत्येक निबंध त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या इतर निबंधांशेजारी ठेवून पाहिला. कोणी सांगितलं नव्हतं. ऑफिस सुटल्यावर घरी जाऊन तरी काय करायचं होतं?

उत्तर आलं तेव्हा त्याला मनापासून बरं वाटलं. चारही विषयांत बाई सरासरीच्या वर होत्या, दातांमध्ये तर पुष्कळच वर. तो अहवाल घेऊन स्वतः संचालकांकडे गेला. संचालकांनी तो सगळा वाचला, कौतुकही केलं. मग म्हणाले की हे सगळं खरं असलं तरी अर्जात विषयाचा रकाना एकच आहे. बाईंना दात लिहायला सांगा, त्यावर मंजुरी मिळून जाईल, बाकीच्यांवर नाही. फक्त यापुढे खोलीतलं काम त्याच विषयातलं हवं, पाहणी होईल.

जिन्याखालच्या खोलीत एकाच खुर्चीला पाठ होती. बाईंनी ती त्याला दिली आणि स्वतः स्टुलावर बसल्या. त्याने संचालकांचा निरोप सांगितला. बाईंनी ऐकून घेतलं, आणि मग विचारलं,

"चिखलाचे संदर्भ किती?"

"फार नाहीत. त्यातलेही निम्मे तुमचेच आहेत. तुमच्याच पुढच्या निबंधांतले."

"म्हणजे मीच मला वाचतेय," बाई म्हणाल्या आणि हसल्या. त्यांनी पेन उचललं, नाक कागदाला टेकेल इतक्या वाकल्या आणि रकान्यात लिहिलं. माती.

"मॅडम, खोली जाईल."

"दातांचं मला कळलंय. चिखलाचं अजून कळायचंय." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "उरलेले दिवस कळलेल्या गोष्टीवर कशाला घालवू?"

तो कागद घेऊन बराच वेळ जिन्यापाशी उभा राहिला. रकान्यातला एक शब्द बदलायला फारसा वेळ लागला नसता. पण अक्षर बाईंचं होतं. त्याने कागद तसाच पुढे पाठवला.

महिन्याभरात खोली गेली. निरोपसमारंभ कोणत्या विभागाने करायचा यावर एकमत झालं नाही, त्यामुळे तो झालाच नाही. तो खाली आला तेव्हा दारावरची पाटी निघाली होती आणि आत कोणीतरी जुन्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. कामं नेहमीसारखी येत राहिली. आकडे नेहमीसारखे पुढे जात राहिले. बाईंची चौकशी त्याच्याकडे कोणी केली नाही, आणि त्यानेही कोणाकडे केली नाही.

मग एके दिवशी बाईंचाच फोन आला. त्यांनी भराभर सांगून टाकलं. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख अचानक मिळाली होती. भाची त्यांना दवाखान्यात नेणार होती. इकडे परातीत चिखल सुकायला घातलेला, आणि तो नेमका त्याच दिवशी फुटणार. कॅमेरा होता, पण तो संस्थेचा, तिथेच राहिला. कोणीतरी समोर बसून बघायला हवं होतं.

"मला त्यातलं काही कळत नाही," तो म्हणाला.

"कळायला नकोय. बघायला हवंय. तुमच्याखेरीज कोणाला विचारू, ते मला सुचलं नाही."

रविवारी सकाळी तो गेला. बाईंचं घर लहान होतं. जेवायच्या टेबलावर परात, तिच्यावर दिवा आणि समोर एकच खुर्ची. तडा थांबेल तिथे टोचायला बाईंनी त्याला एक टाचणी दिली, पण पुढे काय होईल ते मुद्दामच सांगितलं नाही. म्हणाल्या, सांगितलं तर तेच दिसेल. भाचीने दार ओढून घेतलं आणि घर शांत झालं.

आधी बराच वेळ काहीच झालं नाही. मग कडेला केसाएवढी रेघ उमटली. ती पुढे सरकताना दिसत नव्हती, पण नजर जरा हलवून परत आणली की पुढे गेलेली असायची. त्याने नजर हलवणं बंद केलं. मध्ये डबा राहून गेला. मुलाचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, नंतर बोलू, मी कामात आहे. पलीकडून मुलाने विचारलं, "बाबा, बरे आहात ना?"

बाई आल्या त्या एका डोळ्यावर पट्टी घेऊन, भाचीचा हात धरून. भाची आधी पडा म्हणत होती. त्या सरळ टेबलापाशी आल्या. परातीकडे वाकण्याची त्यांना मनाई होती, म्हणून त्या त्याच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"कुठे थांबला?"

त्याने टाचणी टोचलेली जागा दाखवली. मग त्यांना ती दिसणार नाही हे लक्षात येऊन त्याने त्यांचं बोट धरून परातीच्या कडेवर, त्या जागेच्या समोर ठेवलं. "इथे. पुढे काही आडवं नव्हतं, तरी थांबला. मला वाटलं संपलं. पण मी उठलो नाही. पुष्कळ वेळाने तिकडच्या कडेला दुसरा तडा गेला, आणि हा परत चालू लागला. त्याच टोकापासून."

चाचपडत बाईंनी खुर्चीची पाठ शोधली आणि बसल्या.

"नक्की त्याच टोकापासून?"

"टाचणीपासूनच."

"आजवर तडा थांबला की मी परात धुवायला घ्यायची," त्या हळूच म्हणाल्या.

भाचीने चहा केला. बाईंनी त्याच्याकडून सगळं पुन्हा पहिल्यापासून वदवून घेतलं, मग आणखी एकदा, आणि तो प्रत्येक वेळी न कंटाळता सांगत राहिला. बाहेर ऊन उतरलं. तो निघायला उठला तेव्हा बाई म्हणाल्या, की यावर त्या निबंध लिहिणार आहेत, आणि शेवटी आभारात त्याचा उल्लेख करणार आहेत.

"आभार मोजतात का हो तुमच्याकडे?"

"नाही. ते कुठेच धरत नाहीत."

"मग ठीक आहे," बाई म्हणाल्या. "तुमचं नाव काय? सगळे मोजणीदार म्हणतात, मी कधी विचारलंच नाही."

तो दाराशी थांबला. पायातली चप्पल नीट केली. मग त्याने आपलं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, पूर्ण. आणि बाईंना ते नीट ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा एकदा.