बागेचा कोरा कोपरा

सरजाबाईला एक खोड होती. अर्धवट राहिलेलं काम दिसलं की तिच्या हाताला खाज सुटायची. ती मुखेडकडची, गोधड्या शिवणाऱ्या घरातली. टाका अर्धा सोडला की घरात इडापिडा शिरते, असं तिथं आईनं लेकीला सांगावं. दुष्काळानं विहिरी आटल्या, गाव उठलं आणि ती नांदेडला आली. पण खोड काही गावात ठेवून आली नाही.

नांदेडात तिला बिशनकौर भेटली. म्हातारी फाळणीत पंजाबातून जीव घेऊन आलेली, गुरुद्वाऱ्यामागच्या गल्लीत राहायची. फुलकारी करावी तर तिनंच. जाड खादीवर रेशमाचं भरतकाम, तेही कापडाच्या उलट्या बाजूनं! बायांना काम मिळवून देणाऱ्या एका संस्थेच्या तारामतीबाईंनी दुष्काळी गावांतल्या बाया तिच्या हाताखाली शिकायला बसवल्या. त्या तिला पंजाबी रीतीनं बीजी, म्हणजे आई, म्हणायच्या. ओढण्या झाल्या, जाकिटं झाली. लातूर नुकताच जिल्हा झालेला. तिथं कॉलेजच्या पोरी हे कपडे घालून स्टेजवर चालणार होत्या.

शेवटच्या पोरीनं पांघरावा म्हणून बिशनकौरनं पेटीतला जुना बाग काढून दिला. बाग म्हणजे सगळं कापड झाकून टाकणारी फुलकारी. पिवळंधमक रेशीम, डोळे दिपावेत असं. पण एक कोपरा कोरा!

"बीजी, हे काहून राहिलं?" सरजाबाईनं विचारलं.

"राहू दे, पुत्तर," म्हणून म्हातारी उठून गेली.

आता दुसरी एखादी गप बसली असती. हिला वाटलं, म्हातारीला दिसत नाही आणि बिचारीला सांगायची लाज वाटते. इस्त्री करून आणते म्हणून बाग घरी नेला आणि बसल्या बैठकीला कोपरा भरून टाकला. टाका असा जुळवला की ब्रह्मदेवालाही ओळखू येऊ नये. लई खूश होती बया!

लातूरला पोरगी बाग पांघरून आली. टाळ्या पडल्या. पुढं बसलेली बिशनकौर उठली, पायऱ्या चढून वर गेली आणि तो कोपरा हातात धरून बघतच राहिली.

"कोणी भरला?"

"म्या, बीजी." सरजाबाई पडद्यामागून पुढं आली, शाबासकी घ्यायला.

म्हातारीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "माझ्या पोरीचा हा बाग. ती जन्मली तेव्हा सासूनं भरायला घेतला. सरहद्द ओलांडताना गर्दीत पोरीचा हात सुटला माझ्या हातातून. सापडली की तिच्या लग्नात हा कोपरा भरायचा होता. कोरा होता तोवर ती होती गं कुठंतरी."

आगं माय! कौतुकानं, आपल्या हातानं तिनं एका आईची वाट बंद केली होती. ती टाके उसवायला धावली, तर म्हातारीनं तिचा हात धरला.

"उसवून ती परत येती काय?"

आणि बिशनकौर स्टेजच्या मधोमध बसली. मांड्यांवर हात मारत, पंजाबीत, मोठ्यानं रडायला लागली. इतकी वर्षं तिनं हे रडणं दाबून धरलं होतं. खालच्या लोकांना वाटलं, पंजाबी गाणं चाललंय. मुडदा बशिवला त्यांचा, टाळ्या वाजवल्या हो! ठेका धरून वाजवल्या!

सरजाबाई तिच्यासमोर बसली आणि गळ्यात पडली. आमच्याकडं बाया अशाच रडतात, गळ्यात गळा घालून, गेलेल्याला नावानं हाका मारत. तिनं तोंड उघडलं, पण हाक मारणार कुणाला?

"नाव सांग, माय," ती म्हणाली. "काय म्हणू तिला?"

म्हातारीनं पहिल्यांदा मान वर केली.

"जीतो."

"जीतो गं!" सरजाबाईनं हंबरडा फोडला, आणि टाळ्या थांबल्या.