दोन डबे एका पारड्यात

शिवणखात्याच्या मागच्या खोलीत पाळणे टांगलेले होते. खिडकीजवळच्या पाळण्यात, शर्टांना काजं करणाऱ्या काजवालीची लेक झोपायची. ती खोली बंद झाली की काजवालीचं काम सुटलंच म्हणायचं. घरी लेकरू सांभाळायला कोण? तिच्या सासूबाईसुद्धा याच खात्यात बटणं लावायच्या.

खात्याचा प्रतिनिधी निवडायचा होता आणि खोलीचं काय करायचं ते त्याच्या हाती जाणार होतं. कटिंगमास्तर उभा राहिला. त्याला पाळणे काढून तिथे कापडाचे तागे रचायचे होते. खोली राखायला, तिची किल्ली सांभाळणारी थोरली उभी राहिली, आणि तिच्या पाठोपाठ तिची धाकटी जाऊही. दोघींचं म्हणणं अगदी एकच. मग माघार कोणी घ्यायची? थोरलीला वाटे, पोरीची उमेद कशाला मोडू. धाकटीला वाटे, आता हटले तर जाऊबाईंवर उपकार केल्यासारखं दिसेल. दोघी एकमेकींना डब्यातली भाजी वाढत राहिल्या आणि विषय कोणीच काढला नाही.

मत म्हणजे एक पांढरं बटण, ते आपल्या उमेदवाराच्या डब्यात टाकायचं. खात्यात बटणं कोणी मोजत नाही, तोलतात. म्हणून ज्याचा डबा सगळ्यांत जड, तो निवडून येणार. काजवालीने थोरलीच्या डब्यात बटण टाकलं आणि सासूबाईंनी ठरवून धाकटीच्या. कोणाचं मन दुखायला नको. अशी मायेची वाटणी बाकाबाकावर झाली.

मुकादमाने तराजू धरला. मास्तरचा डबा थोरलीच्या डब्याहून जड भरला. धाकटीच्याहूनही भरला. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे भांडण कसलं, माया उतू चालली होती, तरी लाभ तिसऱ्याचाच. मन एक, मतं दोन, निकाल भलताच.

मास्तरने खोलीच्या किल्लीसाठी हात पुढे केला. किल्ली थोरलीच्या कमरेला होती. ती उठली ती तराजूकडे गेली. आपला डबा आणि धाकटीचा डबा तिने एकाच पारड्यात ठेवले, समोर मास्तरचा. मास्तरचा डबा वर गेला आणि वरच राहिला.

मुकादम म्हणाला, एक डबा एक माणूस, जोडाजोडी नियमात नाही.

"मग जोडू नका," थोरली म्हणाली. "डबे रिकामे करा. या वेळी जो जो चालेल, त्याच्या त्याच्या डब्यात प्रत्येकीने बटण टाकायचं. मास्तर चालत असतील तर त्यांच्याही."

असं कुठे असतं का, मुकादमाने विचारलं.

"मुकादम," सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "लेकीसाठी दोन स्थळं पसंत पडली, तर तुम्ही तिला नापसंत तिसऱ्याच्या गळ्यात बांधता का?"

मास्तरचे सोबतीसुद्धा हसले. मुकादम मात्र ऐकेना. त्याने फळ्यावर मास्तरचं नाव लिहिलं आणि तो चालता झाला.

बायकांनी डबे टेबलावर पालथे केले. रांग लागली. काजवालीने दोन बटणं घेतली, एक थोरलीला, एक धाकटीला, आणि पहिल्यांदाच तिला चोरट्यासारखं वाटलं नाही. मास्तरला मत देणाऱ्या दोघीतिघींनी त्याच्या डब्यात टाकून वर थोरलीच्याही डब्यात टाकलं. पाळण्यांशी त्यांचं काही वैर नव्हतं. तोललं तेव्हा थोरलीचा डबा सगळ्यांत जड होता. धाकटीनेच तो उचलून जाऊबाईंपुढे ठेवला. थोरलीने देवाचं नाव घेतलं आणि कमरेची किल्ली काढून काजवालीच्या हातात दिली. खोलीच्या दारापाशी मशीन तिचंच होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर ताग्यांची हातगाडी ढकलत दाराशी आला. किल्ली दे म्हणाला.

काजवालीने पायाखालचं मशीन थांबवलं नाही. मागे, पुढे, एकेक बाई मान वर करून बघत होती.

"देणार नाही."

"फळ्यावर नाव माझं आहे."

"आहे ना? मग तागे फळ्यावर ठेवा, मास्तर," ती म्हणाली आणि तिने पुढचं काज घेतलं.